आंबखेड्याच्या खोलीचं सारवण

१

कुसुमताईंचा सोमवार ठरलेला होता. आंघोळ, महादेवाला बेल, लेकीच्या उशाशी तांब्याभर पाणी आणि मग सातची एस.टी. नागपूरच्या महाल भागातल्या घरातून निघताना त्या दर वेळी लतिकेच्या पोटावर हात ठेवत. आतून एखादी लाथ बसली की म्हणत, "बघ, जागं आहे." आणि मगच पायात चपला घालत.

लतिकेचं हे तिसरं. आधीची दोन पूर्ण दिवसांची होऊन आली, हातापायांनी, जावळासकट धड. फक्त रडली नाहीत. दुसऱ्या वेळी सुईणीनं पाठीवर थापटी मारून मारून आपलाच हात लाल करून घेतला होता. तेव्हापासून लतिका फारशी बोलत नसे. सासरच्यांनी सातव्या महिन्यातच तिला नागपूरला आणून सोडलं, आणि जावयानं फाटकातूनच सासऱ्यांना सांगितलं की या खेपेला काय ते इकडेच होऊ द्या.

कुसुमताईंनी आजवर पुष्कळ व्रतं केली होती. सोळा सोमवार, संकष्ट्या, चातुर्मासातले मौनाचे नेम. देव कुणाचं वाईट करत नाही, त्याला फक्त आठवण द्यावी लागते, असं त्यांना मनापासून वाटे. शेजारणीनं कुही गावाकडच्या आंबखेड्याची नवसाची खोली सांगितली, तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता पिशवी भरली.

फाट्यावर उतरून शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, अर्धा कोस चाललं की एक बुटकी, तांबूस खडकाची टेकडी लागे. त्या खडकाच्या पोटात कुणीतरी एक खोली कोरून काढली होती. वीट नाही, चुना नाही, खांब नाही. एक दार, आत एक सरळ खोली, उजवीकडे माणूस झोपेल एवढा दगडाचाच ओटा, आणि मागच्या भिंतीवर शेंदराचा एक थापा. ती खोलीची आई. कुणी कोरली, कधी कोरली, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मागे दारू गाळणारे तिथं बसायला लागले म्हणून गावानं लोखंडी जाळीचं दार लावलं होतं. त्याची किल्ली रंभाबाईच्या कमरेला असे.

रंभाबाईनं पहिल्याच दिवशी रीत सांगितली. "नवस बोलाचा अन् दर सोमवारी खोली सारवाची. मांगच्या भिंतीपासून धरा, अन् उलटं सरकत दारापरयंत या. ओल्यावर पाय देऊ नोका. एक टीचभर कोरडं ठेवू नोका. अन् आत दुसरी कोनी नवसाची बाई भेटली, का तिचं सारवण दिसलं, त आधी तिच्यासाठी मांगा, मंग आपलं."

"ती रीत तर चांगली आहे," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना खरंच ती फार आवडली. मग त्या आईसमोर हात जोडून बोलल्या, "माझ्या लतिकेचं बाळ रडेपर्यंत तुझी खोली कोरडी ठेवणार नाही."

२

सारवण हे कुसुमताईंच्या हातातलं काम होतं. उकिडवं बसायचं, शेणाच्या काल्यात हात बुडवायचा आणि उजवीकडून डावीकडे एक कमान ओढायची. कमानीला कमान लागत आडवी ओळ पुरी झाली की एक पाऊल मागे सरकायचं. पहिल्या सोमवारी दारापर्यंत अकरा ओळी झाल्या आणि बादली बरोबर संपली. दुसऱ्या सोमवारी तेच.

तिसऱ्या सोमवारी अकरावी ओळ ओढून त्यांनी मागे पाहिलं, तर उंबरठा अजून एक हात लांब होता. बादलीत काला नव्हता.

"रंभाबाई, शेण जरा कमी कालवलं का आज?"

"एवढंच त देतो मी दर खेपी." रंभाबाई जाळीच्या दाराशी विडा चघळत बसली होती. "उपास करू करू हात बारीक झाला तुमचा. कमान रोडावली."

कुसुमताई हसल्या. रंभाबाईनं आणखी थोडं कालवून दिलं, त्यांनी बारावी ओळ पुरी केली आणि नारळ फोडला. एस.टी.त बसल्यावर मात्र त्यांनी आपला पंजा उघडून पाहिला. चाळीस वर्षं त्या पंजानं स्वयंपाकघर सारवलं होतं. त्याचा अंदाज असा चुकत नसे.

चौथ्या सोमवारी तेरा ओळी झाल्या.

३

कुसुमताईंचे यजमान विश्वनाथराव जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. घरातला देव बायकोचा आणि गज-फूट आपले, अशी त्यांची सरळ वाटणी होती. तेरा ओळींचं ऐकून ते दाढी करताकरता थांबले.

"दगड वाढत नसतो, कुसुम. वाढली असेल तर तुझी भक्ती वाढली असेल."

"थट्टा नका करू. मी मोजल्यात ओळी."

"ओळी नसतात मोजायच्या. फूट मोजायचे असतात."

आणि खरंच, मधल्या गुरुवारी ते कापडी फीत खिशात घालून त्यांच्याबरोबर आंबखेड्याला आले. रंभाबाईनं नाक मुरडलं. "मोजून काय करून राहिले हे? इकाची हाय का खोली?" पण दार उघडलं.

फितीचं टोक कुसुमताईंनी उंबरठ्याशी धरून ठेवलं आणि विश्वनाथराव फीत सोडत आत गेले. दाराचा उजेड अर्ध्या खोलीपर्यंतच पोचे. त्यापुढे त्यांचा सदरा करडा झाला, मग नुसती हालचाल उरली.

"पोचलो भिंतीला," आतून आवाज आला. "चौदा फूट दोन इंच. लिही."

कुसुमताईंनी लिहिलं नाही. फीत हातात ताठ झाली, तिला हिसका बसला, ते त्यांना कळलं होतं. त्यानंतर त्यांनी एक श्वास घेतला होता, दुसरा घेतला होता, आणि मग कुठे नवऱ्याचा तो आवाज आला होता. चौदा फुटांवरून येतो तसा नाही. विहिरीच्या तळातून गडी ओरडतो, तसा.

विश्वनाथराव बाहेर आले. हातातली फीत गुंडाळताना म्हणाले, "झालं समाधान? तुझी बादलीच लहान आहे."

फाट्यावर एस.टी. दिसल्यावर ते एकदम म्हणाले, "आत जाताना मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच चालावं लागलं. अंधारात तसं वाटतं."

"हो, वाटतं तसं," कुसुमताई म्हणाल्या.

४

पाचव्या सोमवारी त्या निरांजन घेऊन आत गेल्या. नेहमीच्या सवयीनं ते ओट्याच्या टोकाला ठेवलं, भिंतीच्या पायथ्याशी उकिडव्या बसल्या आणि आधार म्हणून डावा हात भिंतीला टेकवायला गेल्या.

हात टेकला नाही. तोल जाऊन तो पुढे जमिनीवर पडला, आणि तळव्याला गार, ओलं काहीतरी लागलं.

त्यांनी हात नाकाशी नेला. शेण. ताजं.

निरांजन उचलून पुढे धरलं. शेंदराचा थापा होता, पण चार हात पलीकडे. मधली ती सगळी जमीन सारवलेली होती. सुरेख सारवलेली. बोटांच्या रेषा जुळलेल्या, कुठे गठळी नाही. अशी सारवणारी बाई दहा गावांत एखादीच निघते, असं कुसुमताईंच्या मनात आलं आणि त्यांना क्षणभर बरंही वाटलं. आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलं. कुणीतरी अडलेली बाई. आपण अंधारात भिंतीचा अंदाज चुकलो, एवढंच.

मग त्यांनी कमानी पाहिल्या.

बसून कमान ओढली की तिचा फुगवटा आपल्यापासून पलीकडे जातो. कुणीही ओढा, तसाच जातो. या कमानींचे फुगवटे कुसुमताईंकडे आले होते. म्हणजे सारवणारी पलीकडे बसली होती, इकडे तोंड करून. इथून सुरुवात करून ती उलटी सरकत गेली होती, आत, शेंदराच्या बाजूला. जसं आपण दाराकडे सरकतो तसं.

कुसुमताईंनी एकदा मागे दाराकडे पाहिलं. पण रीत ती रीत. बाई दिसली नाही तरी तिचं सारवण होतं. त्यांनी पदर सावरला, ओले हात जोडले आणि म्हणाल्या, "आई, ही कोण असेल तिचं आधी होऊ दे. मग माझ्या लतिकेचं."

निरांजनाची वात हलली नाही. पण आत, जरा लांब, काकणं खाली सरकावीत तसा आवाज झाला.

त्या दिवशी त्यांनी तिथून दारापर्यंत बारा ओळी ओढल्या. मान एकदाही वर केली नाही.

५

"माझ्याआधी कोण आलं होतं आज?" त्यांनी बाहेर येताच विचारलं.

"कोनी नाई."

"आत सारवलंय."

"तुमीच त सारवलं."

"तसं नाही. पलीकडे. ताजं आहे, रंभाबाई. माझ्या हाताला लागलं."

रंभाबाईनं कमरेची किल्ली चाचपली. "दार मी तुमच्यासमोर उघडलं. जाळं झाडलं का नाई मी कोयंड्यावरचं? गुरवारी तुमी दोघं येऊन गेले, तवापासून चिटपाखरू गेलं नाई आत." मग तिचं विडा चघळणं थांबलं. "काहून? तुमी काई बोलल्या का आत?"

"रीतीप्रमाणे मागितलं. आधी तिच्यासाठी."

"तिच्यासाठी म्हंजे कोनासाठी वं, बाई?"

रंभाबाई उठली, दार ओढून घेतलं, कुलूप लावून दोनदा हिसकून पाहिलं. मग पाठमोरीच म्हणाली, "रीत गावच्या बायांची हाय. इकडून येनाऱ्या. मले त दुसरं काई ठाऊक नाई."

घरी पोचल्या तेव्हा लतिका पलंगावर बसून होती. कुसुमताईंनी चपलाही न काढता तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"झोपलं असेल," लतिका म्हणाली. आईकडे न बघता.

"हो. त्यालाही विश्रांती लागते."

संध्याकाळी एक लाथ बसली. हलकी, जाड गोधडीतून बसावी तशी.

आठवडाभर कुसुमताई स्वतःला समजावत राहिल्या. दुसऱ्याचं भलं मागितल्यानं कुणाचं वाईट झालंय का? देवाच्या घरी काय एकच बाळ असतं, एकीला दिलं की दुसरीला नाही म्हणायला? जप करताना मणी मागे-पुढे व्हायचे. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की पुढच्या सोमवारी जाऊन नीट सांगायचं. चूक झाली, अनोळखी बाईसाठी बोलून गेले, आधी माझं होऊ दे. असं मागणं त्यांनी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. भांडी घासताना त्या ते वाक्य पुटपुटून पाहत. जिभेला ते नीट येत नव्हतं.

६

सोमवारी सकाळी सहाला लतिकेला कळा सुरू झाल्या. दोन आठवडे आधीच.

विश्वनाथरावांनी टांगा आणला. कुसुमताईंनी लेकीला धरून बसवलं, दुपटी दिली, आणि स्वतः खालीच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पिशवी होती.

"चढ ना."

"तुम्ही व्हा पुढे. मी आंबखेड्याला जाऊन दुपारपर्यंत येते."

विश्वनाथराव आयुष्यात त्यांच्यावर ओरडले नव्हते. "डोकं फिरलंय का तुझं? पोरगी अडलीय आणि तू शेण थापायला चाललीस?"

"आज खोली कोरडी राहिली तर? आणि मला एक शब्द परत घ्यायचाय, अहो. तोंडानं दिलेला, तोंडानंच घ्यावा लागेल."

"कुणाला दिलास?"

टांग्यातून लतिकेचा हात बाहेर आला आणि त्यानं आईचं मनगट घट्ट धरलं. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. "जाऊ द्या तिला, बाबा," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी ती माझ्याजवळच बसली होती. काय झालं बसून?"

त्या शब्दांत राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. टांगा वळून दिसेनासा होईपर्यंत कुसुमताई उभ्या राहिल्या, मग एस.टी.कडे धावत सुटल्या.

७

रंभाबाईनं दार उघडलं, बादली दिली आणि आज दाराशी न बसता समोरच्या पळसाखाली जाऊन उभी राहिली.

बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं. खोलीतल्या अर्ध्या जमिनीवर ते चौकोनी पडलं होतं आणि मागच्या सोमवारच्या कमानी वाळून पांढुरक्या दिसत होत्या. कुसुमताईंनी निरांजन ओट्यावर ठेवलं. पुढे पाहिलं. शेंदराचा थापा दिसेना. त्यांनी निरांजन उंच धरलं, तरी दिसेना. उजेड पुढे जात होता आणि कशावर पडत नव्हता.

त्या भिंतीच्या जागी, म्हणजे भिंत असायला हवी होती त्या जागी, उकिडव्या बसल्या. "आई," त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली."

समोर, हाताच्या अंतरावर, बादलीत पाणी डुचमळलं.

त्यांची बादली त्यांच्या डावीकडे होती आणि ती हलली नव्हती.

आपण दमलोय, पोटात अन्न नाही, कानात रक्त वाजतंय. त्यांनी डोळे जमिनीवर खिळवले, हात काल्यात बुडवला आणि पहिली कमान ओढली. कमान पुरी होतेय तोच पलीकडच्या अंधारातून एक हात उजेडाच्या कडेला आला आणि त्यानं आपली कमान ओढली. कुसुमताईंच्या कमानीला टेकवून, नीट, रेघ जुळवून. दोन फुगवट्यांच्या मध्ये टीचभरही कोरडं राहिलं नाही.

म्हातारा हात होता. कातडी सैल, काकणं कोपराकडे सारलेली. त्या हातामागे कुणीतरी त्यांच्यासारखंच धापा टाकत होतं, उपाशी, लांबून धावत आल्यासारखं.

आता बोलायला हवं होतं. आठवडाभर घोकलेलं वाक्य ओठांशी आलं. आधी माझं होऊ दे. तीन-चार शब्दांचं तर होतं. पण समोरचा हात काल्यात जाताना असा काही घाबरून आखडला, जणू त्याच्याही मालकिणीचं कुणीतरी कुठेतरी अडून पडलं होतं, आणि कुसुमताईंचं तोंड उघडंच राहिलं. दुसरीच्या तोंडावर असं मागायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात बाळ रडलं.

आतून. दूर आतून, पण स्पष्ट. नुकतं जन्मलेलं, ओलं, रागावलेलं रडणं. एकदा, मग श्वास घेऊन पुन्हा.

समोरचा हात जागच्या जागी थांबला. बोटं जमिनीवर टेकली, मिटली. मग कुणीतरी घाईघाईनं उठलं. लुगड्याचा फडका, काकणं, आणि ओल्या सारवणावरून धावत जाणारी अनवाणी पावलं. ती पावलं चौदा फुटांत संपली नाहीत. ती बराच वेळ वाजत राहिली, रडण्याच्या दिशेनं, आणि मग एक दार लागल्यासारखं झालं आणि दोन्ही आवाज थांबले.

कुसुमताईंनी उरलेली खोली सारवली. उलट्या सरकत, ओळीमागून ओळ, उंबरठ्यापर्यंत. अकरा झाल्या आणि बादली बरोबर संपली. उठताना एकदा निरांजन उंच करून पाहिलं. भिंत होती तिथे होती. शेंदूर होता.

"झालं?" पळसाखालून रंभाबाईनं विचारलं.

"झालं," कुसुमताई म्हणाल्या.

८

दवाखान्याच्या व्हरांड्यात विश्वनाथराव बाकावर बसले होते. कुसुमताईंना पाहून ते उठले नाहीत. त्यांच्या मांडीवर दुपटी तशीच घडी केलेली होती.

आत लतिका जागी होती. नर्स खिडकीशी उभी राहून काही आवरत होती, तिनं कुसुमताईंकडे पाहून मान हलवली आणि हळूच म्हणाली, "मुलगा होता, बाई. आम्ही पुष्कळ केलं. आवाजच नाही काढला त्यानं."

"रडला," लतिका म्हणाली.

नर्सनं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "ग्लानीत असं वाटतं."

"आई, रडला गं तो. मी ऐकलं. आधी इथंच, अगदी माझ्या पायाशी. मग कुणीतरी उचलून आतल्या खोलीत नेत असावं तसं लांब लांब गेलं." तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. कोरी, चुना दिलेली भिंत होती. "यांना म्हटलं, आतल्या खोलीत बघा. तर म्हणतात, इथं आतली खोली नाही."

कुसुमताई पलंगाच्या कडेला बसल्या. नखांत शेण तसंच होतं; तो हात त्यांनी लेकीच्या केसांवर ठेवला नाही, दुसरा ठेवला.

"रडला," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलं."

लतिकेनं डोळे मोठे करून आईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत काहीतरी हललं. "मग तू पाहिलंस? कोण घेऊन गेलं?"

व्हरांड्यातून विश्वनाथराव दारात येऊन उभे राहिले होते. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वयस्कर बाई आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी फक्त हात पाहिला तिचा. धावत गेली ती, लते. रडू ऐकल्याबरोबर धावत गेली."